बाजूला व्हायला जागा

वाचनालयाच्या काउंटरवर रांगेतली माणसं एकमेकांना बघतात. कडेवर मूल असलेली बाई दिसली की पुढचा आपणहून म्हणतो, "तुम्ही घ्या आधी." आता प्रश्न ऑनलाइन चॅटवर येतात आणि ती रांग फक्त मला दिसते. एकाचं चॅट संपल्याशिवाय दुसऱ्याचं उघडत नाही, बाजूला व्हायला जागाच नाही.

आज एका आजोबांना लहानपणी वाचलेलं पुस्तक हवं होतं. नाव आठवत नव्हतं, मुखपृष्ठावरची होडी तेवढी आठवत होती. त्यांच्यामागे रांगेत थांबलेल्या एका मुलीच्या प्रश्नाची पहिली ओळ तेवढी दिसत होती: "मॅडम, थोड्या वेळात तोंडी परीक्षा आहे, एकच संदर्भ हवाय." मी घाईघाईने होडी शोधत राहिले. बघता बघता मुलीचं नाव रांगेतून नाहीसं झालं.

तेवढ्यात आजोबांनी लिहिलं, "सावकाश शोधा हो. मला काही घाई नाही."