निळी पडलेली पावडर

सकाळी लॅब उघडली तर पावडर निळी पडली होती. काल ती गर्द हिरवी होती. हैदराबादची आंतरराष्ट्रीय परिषद पाच दिवसांवर, आणि परभणीच्या आमच्या कॉलेजातून एकच पेपर निवडला गेलेला: केमिस्ट्रीच्या वाघमारे मॅडमचा. मी त्यांचा लॅब असिस्टंट.

विषय होता वीज वाहणारं प्लास्टिक. एरवी प्लास्टिकमधून वीज जात नाही, म्हणून तर ते वायरीवर चढवतात. पण पॉलिअॅनिलीन नावाचा हा पदार्थ अॅसिड मुरून हिरवा असला की वीज जाऊ देतो. त्याची पावडर दाबून आम्ही औषधासारख्या गोळ्या करायचो.

निळ्या पावडरची गोळी करून मीटरला लावली. काटा हलेना.

"धुतलं कशानं?" मॅडमनी विचारलं.

रेकॉर्डबुकात मीच 'डिस्टिल्ड वॉटर' लिहिलं होतं.

"मॅडम, लाईट नव्हती. डिस्टिल्ड पाणी संपलं. मग बोअरच्या पाण्यानं धुतलं मी. लय येळा."

आता मेमो मिळणार असं वाटलं. पण त्यांचे डोळे चमकले.

"बोअरचं पाणी क्षाराचं. त्यानं आतलं अॅसिड ओढून घेतलं असेल. अॅसिड गेलं की वीज बंद. आधी ते रेकॉर्ड दुरुस्त करा, मग बघू."

मी खोडून खरं लिहिलं, खाली सही केली. मॅडमनी निळी पावडर पातळ अॅसिडमध्ये टाकली. बघता बघता ती हिरवी व्हायला लागली. वाळवून गोळी केली, मीटरला लावली. काटा सरकन वर गेला. आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो.

हैदराबादला मॅडम मलाही घेऊन गेल्या. टेबलापाशी मी बोअरचं पाणी आणि अॅसिड घेऊन उभा. निळी, हिरवी, परत निळी. माणसं थांबून बघायची. एका जर्मन प्राध्यापकांनी विचारलं, "असं किती वेळा करता येतं? पावडर खराब कधी होते?"

मी मॅडमकडं बघितलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माहीत नाही. अजून मोजलं नाही."

एवढ्या मोठ्या परिषदेत असं म्हणता येतं, हे मला नवीन होतं. ते प्राध्यापक तर खूश होऊन खुर्ची ओढून बसले.

परत आल्यावर आम्ही मोजायला घेतलं. त्यात वर्ष गेलं, आणि मॅडमचा दुसरा पेपर झाला. परिषदेला उत्तरं घेऊन जायचं असतं, अशी माझी समजूत होती. पण तिथून एक चांगला प्रश्न मिळाला तरी जाण्यायेण्याचा खर्च वसूल होतो.