जळकं जोतं

गावसभेची वनहक्क समिती पाहणीला येणार म्हटल्यावर मला घरात बसवेना. जामसरच्या वरच्या अंगाला, जंगलातल्या चढावर आमची नाचणी असते. आजोबांच्या आधीपासून आम्ही ते रान कसतो, पण सरकारच्या लेखी जमीन जंगलाची आणि आम्ही चोर. आता कायदाच म्हणत होता, पूर्वापार कसत आलात हे दाखवा आणि जमीन नावावर करून घ्या. दाखवायचंच तर होतं! माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

समितीची माणसं चढून आली, सोबत खाकीतले एक वनरक्षक. माणूस बरा होता. त्यांनी अगदी सरळ विचारलं, "काका, इथं कोण पिकवतं?"

बाबांनी पटकन हात जोडले. "आमी नाय सायब. आमी निस्ती लाकडं उचलाया येतो."

मी कपाळावर हात मारला. जन्मभर खाकी दिसली की बाबांचं हेच उत्तर. बैल झाडीत दडवायचे, नांगर पाल्याखाली झाकायचा आणि चेहरा असा करायचा की जणू गावचेच नाहीत. पण आज? स्वतःची नाचणी गुडघ्याला लागतेय आणि म्हणे आमी नाय! समितीच्या अध्यक्षबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मात्र रडू येत होतं. हेच उत्तर लिहिलं गेलं असतं तर आमचा दावा तिथंच बुडाला असता.

आई तरातरा पुढे आली. "अवो, आज तरी खरं बोला! आज लपवलंत तं पोरीला काय ठेवाल?"

बाबा खाली बसले आणि त्यांनी नाचणीची ताटं हातानं बाजूला सारली. आत दगडांची काळवंडलेली रांग दिसली.

"इथं आमचं घर व्हतं. मी लहान व्हतो. अशाच कपड्यातल्या मान्सांनी पेटवलं."

वनरक्षक वाकले, दगडांवरची माती त्यांनी बोटांनी पुसली आणि समितीकडे बघून म्हणाले, "जुन्या घराचं जोतं आहे. पुरावा म्हणून घ्या."

मी आनंदानं किंचाळलेच. बाबा मात्र आळीपाळीनं सगळ्यांची तोंडं बघत होते.

"जाळलेलं बी चालतं?"

"चालतं, काका."

बाबा ताडकन उठले आणि चढाला लागले. आम्ही सगळे धापा टाकत त्यांच्या मागे.

"मंग वर चला सायब, बिगी बिगी. वरलं घर बी जाळलंय."