समोरच्या ब्लॉकवरचा वारा

“डावीकडून. ताशी आठ मैल.”

त्या काळात तुम्ही सिंगापूरला, हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये राहत असतात, तर अकराव्या मजल्यावरच्या खिडकीत एक डोळा मिटून असं पुटपुटणारे गृहस्थ तुम्हालाही दिसले असते. समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांबाहेर काढलेल्या बांबूंवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे ते टक लावून बघायचे. गैरसमज नको. ते वारा मोजत असत.

माझ्याच बँकेत ते जोखीम विभागात होते. वयाने मला वडील, आणि बंदूक म्हणाल तर उभ्या जन्मात हातात धरलेली नाही. पण वसतिगृहातला त्यांचा मित्र कोलोरॅडोला स्थायिक झाला होता आणि दर वर्षी बोलवायचा, “एल्कच्या शिकारीला ये. रायफल मी देतो, काडतूस कुठलं ते तू ठरव.” एल्क म्हणजे आपल्या सांबराहून थोराड हरीण, आणि गोळी मारायची ती लांबून, डोंगरउतारावर. आता जोखीम विभागातल्या माणसावर असलं काम कोणी सोपवतं का? ठरवण्यात चार वर्षं गेली.

“थर्टी-ऑट-सिक्स जुनं, भरवशाचं,” एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या ते मला समजावायचे. “पण लांबवर गोळी फार खाली येते. सेव्हन एमएम मॅग्नम वाऱ्याला सहसा दाद देत नाही. आणि थ्री हंड्रेड मॅग्नमचा दणका म्हणजे...”

“अहो, हळू!” मी इकडेतिकडे बघायचो. या देशात खिशात रिकामं काडतूस सापडलं तरी धडगत नाही. “एकदाचं काहीतरी ठरवा आणि मोकळे व्हा.”

“घाई नको. जनावराचा प्रश्न आहे.”

हे वाक्य मी ऑफिसात नक्कल करून दाखवायचो. मग एकदा त्यांनी आपण होऊन सांगितलं. लहानपणी ते मामाबरोबर रानडुकराच्या मागावर गेले होते. मामाची गोळी डुकराच्या मागच्या पायाला लागली. दोन दिवस रक्ताचा माग काढला, जनावर सापडलं नाही. “ते कुठेतरी तडफडत होतं आणि आम्ही घरी येऊन जेवलो रे,” ते म्हणाले. त्यानंतर मी नक्कल बंद केली. खरं सांगतो, लाज वाटली.

बंदुकीचा धक्का सोसेल का, हे बघायला त्यांनी पाच किलो तांदळाची पिशवी वहिनींच्या हातात दिली आणि खांदा पुढे केला. चार वर्षं ऐकून घेतलेल्या वहिनींनी जरा जास्तच मनापासून मारली. थ्री हंड्रेड मॅग्नम त्याच संध्याकाळी यादीतून गेलं.

तेवढ्यात मित्राचं पत्र आलं. गुडघे संपले, डोंगर चढायचं हे शेवटचंच वर्ष. मग काय, सेव्हन एमएम मॅग्नम पक्कं झालं आणि स्वारी निघाली. तिकडे आठवडाभर सरावात चारशे यार्डांवरचा निशाणाचा पत्रा त्यांनी हुकू दिला नाही, असं वहिनींना फोनवर कळलं.

परतले ते हात हलवत. मी चांगी विमानतळावर घ्यायला गेलो होतो.

“दिसलाच नाही?”

“दिसला ना. मोठा नर. चारशे यार्ड, अगदी आडवा उभा.”

“मग?”

“दरीतलं गवत एकीकडे झुकत होतं, वरचं दुसरीकडे. वाऱ्याचा अंदाजच येईना.” बॅग गाडीत ठेवत ते म्हणाले, “तिथे कोणी कपडे वाळत घालत नाही रे.”

मी पोट धरून हसलो. तेही हसले. गाडीत मात्र ते सारखे बाहेरच्या झाडांचे शेंडे बघत होते.

पुढच्याच वर्षी निवृत्त होऊन ते पुण्याला परत जायला निघाले. जायच्या दिवशी सकाळी मी खोकी उचलायला गेलो, तर हाक आली, “अरे, इकडे ये. बघ.”

समोरचा ब्लॉक धुतलेल्या कपड्यांनी भरला होता. चादरी, शाळेचे गणवेश, कोणाचातरी पिवळा सारोंग. एक कोपरासुद्धा हलत नव्हता. त्यांनी एक डोळा मिटला. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तरी खिडकी सोडेनात.

“आज जमलं असतं,” ते म्हणाले.