विंगेतला बर्फवाला

बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होड्यांना लाद्या काढून देणाऱ्या बर्फवाल्याला कलेची भारी हौस. कलेला मात्र त्याची अजिबात नव्हती, हे तो स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगायचा.

आधी तो धक्क्यावरच्या चित्रकलेच्या वर्गात गेला. समोर नांगरलेली होडी काढायची होती. शिकवणाऱ्या बाईंनी त्याचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "बूट छान जमलाय. होडी कधी काढताय?" मग जाळ्यांच्या दुकानावरच्या माडीत गाण्याचा वर्ग. तिथल्या मास्तरांनी काही दिवस सोसलं आणि एकदा बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं, "सगळ्यांबरोबर उभे राहा, तोंडही हलवा. फक्त आवाज तेवढा काढू नका." नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर अंगण चांगलं सपाट होतं आणि सगळं गाव बघत होतं.

शेवटी तो नाटकमंडळींच्या तावडीत सापडला. जुन्या मिठाच्या गोदामात त्यांचा रंगमंच. दिग्दर्शक म्हणजे बाजारपेठेतला शिंपी. त्याने बर्फवाल्याला दोन वाक्यं बोलायला लावली आणि कपाळावर हात मारला. मोठ्याने बोलताना बर्फवाल्याचा आवाज घशातच अडकायचा. पण कुजबुज मात्र खणखणीत! त्याला प्रॉम्प्टर म्हणून विंगेत उभा केला. ती कुजबुज विसराळू नटाला ऐकू जायची आणि शेवटच्या रांगेलाही. प्रेक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा मिळायचं. एका तिकिटात दोन नाटकं, असं तोच म्हणायचा.

त्याची बायको सरकारी दवाखान्यात परिचारिका. सुरुवातीला ती हौसेने नाटकाला यायची. शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी विचारायचं, "यातले तुमचे कोण?" मग ती विंगेकडे हात करून म्हणायची, "त्या कापडामागे आहेत." विचारणारी बाई "हो का," म्हणून मान वळवायची. हळूहळू बायको यायची थांबली. त्याला ते फार लागलं. एकदा, फक्त एकदा तिला बोट दाखवून "ते बघा आमचे" म्हणता यावं, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं.

आणि दैव उघडलं. होडी चालवणाऱ्या, बुडून मेलेल्या तांडेलाचं काम करणारा न्हावी कंबर धरून बसला. काम सोपं होतं. शेवटचा अख्खा अंक रंगमंचाच्या मधोमध चादरीखाली पडून राहायचं, चेहरा तेवढा उघडा, बोलायचं काही नाही. शिंपी म्हणाला, "एवढं तरी बिघडवू नका."

बर्फवाल्याने घरी तालीम सुरू केली. स्वयंपाकघरात तो आडवा पडायचा आणि बायको त्याला ओलांडून डबे काढायची.

"अहो, मेलेल्या माणसाचं पोट एवढं हलत नाही."

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला? रोज बघते. आणि पापण्या फडफडवू नका."

तिने शिकवलेलं मरण त्याने मन लावून घोटलं.

प्रयोगाच्या दिवशी ती पहिल्या रांगेत बसली. संध्याकाळच्या भरतीला होड्या सुटणार म्हणून खेळ दुपारचा. शेवटच्या अंकात पडदा उघडला तेव्हा बर्फवाला इतका सुरेख मेला होता की स्वतःवरच खूश झाला. तांडेलाच्या बापाचं काम करणारे दातांचे डॉक्टर उशाशी बसून टाहो फोडत होते. लोक चिडीचूप.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून हुंदका आला.

तो हुंदका त्याच्या ओळखीचा होता. सासूबाई गेल्या तेव्हा एकदाच ऐकला होता. हुंदका थांबेना. गप्प पडून राहा, त्याने स्वतःला बजावलं, जन्मात मिळालेली एकुलती एक भूमिका आहे. पण समोर कुणी अडलं की तोंड उघडायचं, ही त्या तोंडाला इतक्या वर्षांची सवय. ते उघडलंच.

"अगं, आहे मी. रडू नकोस."

कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. सगळं गोदाम हसण्याने दणाणलं. डॉक्टर पुढचं सगळं विसरले आणि सांगायला विंगेत कुणीच नव्हतं. "पडदा! पडदा!" शिंपी ओरडला. खाऱ्या हवेने गंजलेली कप्पी ऐन वेळी अडकली. बर्फवाल्याच्या अंगाखालची फळी हलत होती, कारण डॉक्टरही हसत होते.

"न्हावी इतके प्रयोग मेला," शिंपी नंतर म्हणाला, "एकदा तरी बोलला का? उद्यापासून तुम्ही विंगेत."

"बरोबर आहे," बर्फवाला म्हणाला. "मला धड मरतासुद्धा येत नाही."

बाहेर पायऱ्यांवर बायको उभी होती. डोळे लाल. त्याने मान खाली घातली.

"चारचौघांत तुझं हसं केलं मी. चुकलंच."

"शेजारच्या बाईंनी विचारलं, यातले तुमचे कोण," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय, दाखवलं बोट. 'ते बघा, ते झोपलेत ना, ते आमचे.' असं म्हटलं आणि..." रोज परक्यांच्या तोंडावर चादर ओढणारी बाई पदराने नाक पुसत राहिली. मग रागाने म्हणाली, "पुन्हा हे काम घ्यायचं नाही."

"अगं, शिंप्याने काढूनच घेतलंय."

"दिलं तरी घ्यायचं नाही," ती म्हणाली, आणि भर बाजारातून त्याचा हात घट्ट धरून घरी घेऊन गेली.