दोराचा वेढा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही. कन्फेशनला तर नाहीच — तिथे किरकोळ राग, किरकोळ खोटं असलं काहीबाही सांगून सुटत आलो. तुम्ही अनोळखी, म्हणून जीभ वळतेय. अनोळखी माणसाला सांगणं हाही पळपुटेपणाच ना? असेल बुवा.

आमच्या गावच्या चर्चची घंटा मी वाजवायचो आणि शिकवायचोही. नव्वदीतली गोष्ट. फादरांनी मला नागपूरला ट्रेनिंगला पाठवलं होतं, त्यामुळे सेलू, देवळीकडची माणसं माझ्याकडे शिकायला येत. मास्तर, मास्तर करत. मला ते फार आवडायचं — खोटं कशाला बोलू?

आमची घंटा चाकावर बसवलेली. दोर ओढला की अख्खी घंटा झुलते. झोका वाढला की खाली आलेला दोर सरसर वर जातो, आणि तेव्हा मूठ सैल सोडावी लागते. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. शिकवणाऱ्यानं सगळ्यात आधी सांगायचं ते हेच.

सुमनबाई शिकायला आली. नवरा गेलेला, लोकांचे ब्लाउज शिवून दोन मुली वाढवत होती. घंटेच्या आतल्या लोळ्याला चिंध्या बांधून आम्ही सराव करायचो, म्हणजे गावाला त्रास नको. बाईच्या हाताला काय ताल होता! मला जे जमायला वर्षं लागली ते तिला महिन्याभरात जमलं. फादरांनी रविवारची उपासना, मिस्सा, संपल्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं — ईस्टरची घंटा सुमनबाई वाजवेल, आणि पुढे शिकवायचं कामही तीच बघेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आतून नुसता जळत होतो.

आणि — हो, सांगतो. सांगायलाच बसलोय ना?

तिला मी दोराचं सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी राहून गेलं, ते खरंच राहून गेलं. पण नंतर मी पाहिलं की ती दोराचा वेढा तळहाताला घेते. विहिरीवर पाणी ओढणारी बाई तसाच घेते, दोर निसटून बादली आत जाऊ नये म्हणून. विहिरीवर ते बरोबरच आहे. सरावात झोका लहान असायचा, म्हणून काही बिघडत नव्हतं. रोज पाहायचो. रोज शब्द तोंडाशी यायचा आणि मी गिळायचो. का? फजिती व्हावी तिची, चारचौघांत दोर सुटावा, एवढंच मनात होतं — असं मी स्वतःला सांगत आलो. पण नागपूरला एका माणसाचा हात असाच खांद्यातून निखळलेला मी या डोळ्यांनी पाहिला होता. मग एवढंच कसं?

ईस्टरच्या सकाळी मी तिच्या बाजूलाच उभा होतो. घंटा छान लागली होती. मीच म्हणालो, आणखी ओढा. तिनं ओढलं. दोर वर गेला आणि तिला घेऊन गेला. खाली पडली तेव्हा उजव्या हाताची बोटं भलतीकडेच वळलेली होती. बाहेर लोकांना कळेना, घंटा मधेच का थांबली.

दवाखान्यात तिनं मला विचारलं, "मास्तर, दोर हाताले गुंडाळू नोका, असं तुमी मले सांगतलं होतं का जी?"

किती सोपं होतं! नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "हो. कितीदा सांगितलं."

ती म्हणाली, "मंग माह्याच ध्यानात नाई राह्यलं."

बोटं पुन्हा मिटली नाहीत. शिलाईचं मशीन विकलं. थोरलीनं शाळा सोडली आणि लोकांकडे धुणीभांडी धरली. शिकवायचं काम माझ्याकडेच राहिलं. पुढे कितीतरी वर्षं राहिलं. नवी माणसं आली की सुमनबाई आपणहून यायची, हात पुढे करून दाखवायची. "पाहा, मास्तर सांगते ते ध्यान देऊन आयका. मले सांगतलं होतं, म्या नाई आयकलं." मग सगळे माझ्याकडे आदरानं बघायचे. आणि मी धडा सुरू करायचो.

परवा तिच्या थोरलीच्या घरी गेलो होतो. कशावरून तरी मायलेकींचं वाजलं आणि मुलगी फटकन बोलली, "तू कोनाचं आयकतंच नाई. म्हनून तं हात गेला तुहा, अन् माही शाळा."

सुमनबाई खाली मान घालून बसली. मी समोरच होतो. चहा संपवला आणि घरी आलो.