दोरीच्या आत

"लांब व्हा. अजून लांब," म्हणत मामा आम्हाला हातानं मागं सारायचे. लोणी देवकरच्या कारखान्यात आम्ही मोठ्या टाक्यांचं वेल्डिंग करायचो आणि सगळे ज्यांना मामा म्हणायचे ते, आतली चीर शोधायला, त्या सांध्यांचे फोटो काढायचे, शिशाच्या पेटीतल्या किरणोत्सारी गोळीनं. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी करून दोरी बांधायची, मगच गोळी बाहेर. मी वरकुट्याचा, नवखा. एकदा डबा आत राहिला म्हणून दोरीखालून वाकलो. मामांनी कॉलर धरून असं ओढलं की बटणं तुटली. गोळी अजून पेटीतच होती. तरी आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

भीती हीच ज्यांची हुशारी, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

निवृत्तीनंतर मामा वडगाव निंबाळकरला दोन गाई सांभाळत होते. तिथंच फुफ्फुसात गाठ निघाली. लोक म्हणाले, कामानंच झालं. मामांना ते पटायचं नाही. डोस मोजणाऱ्या त्यांच्या बिल्ल्याचा आकडा कधीच मर्यादेच्या वर गेला नव्हता. तरुणपणीच्या विड्या मोजा, असं ते सांगायचे.

हृदय कमजोर, त्यामुळं ऑपरेशन जमेना. पुण्याच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी किरणांचा मोठा डोस सुचवला, पाच वेळा. मामांनी आकडा विचारला. ऐकला, टोपी घातली आणि सरळ बाहेर पडले.

मामींचा फोन आला तसा मी बारामतीहून गेलो. मामा गोठ्यात होते.

"ह्याच्या दहाव्या हिश्श्यानं माणूस मरतो," ते म्हणाले. "जलमभर कुणाच्या अंगावर येऊ दिलं न्हाय. आन् आता सोताच त्याखाली निजू?"

 गाठ वाढली तर हा उपायही हातचा जाणार होता. एकदा विचारून तरी येऊ, एवढंच मी म्हणालो.

पुण्याला मामांनी बाईंना तासभर विचारलं. बाईंनी कागदावर काढून दाखवलं: दहावा हिस्सा मारतो तो सगळ्या अंगावर पडला तर. इथं बारीक झोत चारी बाजूंनी येतात, एकेकटा सौम्य, आणि गाठीवरच एकत्र होतात. तिथल्या पेशी आतून अशा तुटतात की त्यांना सांधता येत नाही, वाढताही येत नाही. बाकीच्यांना थोडंच लागतं, त्या सावरतात.

"आन् गाठीभवतीचं फुफ्फुस?"

बाईंनी लपवलं नाही. ते सुजेल, तिथं वण राहील, दम लागेल, कदाचित बरगडी दुखेल.  मग किरण चालू असताना मामी कुठं थांबणार, ते मामांनी विचारलं. बाईंनी भिंतीची जाडी सांगितली.

"करा तयारी."

पहिल्या दिवशी सगळे बाहेर आले, जड दार लागलं. आत मामा एकटे. मामींनी माझं मनगट धरलं ते दार उघडेपर्यंत सोडलं नाही.

पाचही वेळा पार पडल्या. तीन महिन्यांनी कोरडा खोकला सुरू झाला, दोन पायऱ्यांत दम लागायला लागला. गाठ परत आली, असंच आम्ही धरून चाललो. गाडी करून पुण्याला गेलो. बाईंनी स्कॅन फार वेळ पाहिला. सूज किरणांची होती. गाठ आकसली होती. औषधाच्या गोळ्यांनी खोकला हळूहळू बसला.

पुढं दोन वर्षं मामा गाईंच्या धारा काढत राहिले. मग एका सकाळी हृदय थांबलं.

दहाव्याला मामींनी मला बाजूला बोलावलं.

"त्या डॉक्टरीणबाईंना फोन करा. सांगा, गाठीनं न्हाय गेले. न्हायतर त्यांच्या जिवाला लागंल."

मी फोन केला. बाईंनी ऐकून घेतलं आणि मामी कशा आहेत, ते विचारलं.