कोपऱ्यातला दिवा

दिवेवाल्या बाई कुत्र्याच्या पिलालाही 'अहो' म्हणायच्या. "अहो, सरका जरा." पिलू ढिम्म हलायचं नाही, पण बाईंचं 'अहो' सुटायचं नाही. सातवीतून शाळा सोडून गोंदियाकडून आलेल्या मलाही पहिल्या दिवसापासून तेच. तोवर मला कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

येरवड्यातल्या आमच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात बाई निवृत्तीनंतर विजेचं सगळं बघायच्या. पिलांची खोली पत्र्याची. थंडीत पिलं दगावायची. संस्थेचे सचिव गरम हवेचा पंखा आणायला निघाले, तर बाई म्हणाल्या, "हवेला थंडी वाजत नाही. पिलांना वाजते." आणि त्यांनी थेट अंगाला ऊब देणारे इन्फ्रारेड दिवे लावले. दिवा साखळीला, खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर. पिलाच्या पाठीइतक्या उंचीवर हाताची मागची बाजू धरून त्या उभ्या राहायच्या. चटका बसला की साखळी एक कडी वर. "आधी आपला हात, मग त्यांचं अंग."

एकदा एक अशक्त पिलू फार कुडकुडत होतं. मला राहवेना. मी दिवा मधोमध आणला, दोन कड्या खाली घेतला. दुपारी बघतो तर पिलाची पाठ भाजलेली. मी गुपचूप पिशवी भरली.

सचिव सगळ्यांसमोर म्हणाले, "सातवी शिकलेल्याच्या हाती यंत्र दिलं की हेच होणार. काढा याला."

बाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "मी पदवीधर आहे. दिवा कोपऱ्यात लावा म्हटलं, का ते सांगितलं नाही. आधी मला काढा."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "नकोसं झालं की पिलाला सरकता आलं पाहिजे. ऊब देताना पळायला जागा ठेवायची. कळलं? पिशवी रिकामी करा."

त्या दिवसापासून दिवे माझ्याकडे. पिलू वाचलं. पाठीवर केस मात्र आले नाहीत.

बाई गेल्या वर्षी वारल्या. यंदा नवे सचिव आले. पाहुण्यांना पिलं नीट दिसावीत म्हणून दिवा मधोमध घ्या म्हणाले. इथून काढलं तर जाऊ कुठं? तरी साखळी सोडली नाही.

"अहो," म्हटलं, "आधी हात धरा दिव्याखाली. मी सांगेपर्यंत काढायचा नाही."

थोड्या वेळानं त्यांनी तो काढलाच.

"तुम्हाला काढता आला," मी म्हणालो. "दिवा कोपऱ्यातच राहील."